सरकारवर माझा दावा

माझे वडील कऱ्हाडच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. इतिहासाच्या तासाला मुलं नीट बसत. नागरिकशास्त्र निघालं की खिडकीबाहेर बघत, कारण परीक्षेत त्याला थोडेच गुण असत आणि तेवढे आदल्या दिवशी पाठ करूनही मिळत. अण्णांना याचं वाईट वाटे. "लढाया संपल्यावर रोजचा कारभार कसा चालतो ते यात आहे रे," असं ते वर्गात म्हणत आणि मुलं मान डोलवत. त्या मुलांत मीही होते. विधिमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ हे शब्द मी दहावीला उत्तरपत्रिकेत लिहिले आणि घरी येईपर्यंत विसरले.

पुढे मी इंजिनियर झाले, लग्न झालं. मुलगी दोन वर्षांची असताना नवऱ्याला न्युरेम्बर्गमध्ये नोकरी लागली आणि वर्षभराने मला एर्लांगेनला, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात. दोन्हीकडे रिजनल ट्रेनने जाता येईल अशा एका छोट्या गावात आम्ही घर घेतलं. आई त्याआधीच गेली होती. मला भाऊबहीण नाही. अण्णा कऱ्हाडला एकटे राहत, शेजारच्या घरात काका.

नऊ वर्षं झाल्यावर आम्ही नागरिकत्वाचा विषय काढला. मुलगी इथेच वाढली होती. मी मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. तिच्याबरोबर घरातल्या एकाने तरी इथलं व्हावं, असं आम्हाला वाटलं. नवऱ्याची आई नाशिकला, तिचं वय झालेलं. म्हणून तो भारतीयच राहील, मी आणि मुलगी जर्मन होऊ, असं ठरलं. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, म्हणजे आमचं भारताचं जाणार. रविवारी पोहे खाता खाता हे ठरलं. त्यात जड असं काही मला वाटलं नाही.

अर्जाआधी एक परीक्षा द्यावी लागते. देशाचा कारभार कसा चालतो यावर तेहेतीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. दर रविवारी मी अण्णांना फोन करायचे, तेव्हा कऱ्हाडला संध्याकाळ झालेली असायची. एकदा सहज म्हटलं, परीक्षेचा अभ्यास चाललाय. त्यांनी विचारलं कसली, आणि मी सांगितल्यावर पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"वाच बघू एक प्रश्न."

तेव्हापासून दर रविवारी तेच. मी प्रश्न वाचायचा, मराठी करून सांगायचा, अण्णांनी उत्तर द्यायचं आणि मग आपल्याकडे कसं आहे ते सांगायचं. बुंडेस्टाग म्हणजे आपली लोकसभा, हे त्यांना लगेच पटलं. बुंडेसराटपाशी ते अडले.

"म्हणजे राज्यसभा."

"तशी नाही अण्णा. इथे तिची वेगळी निवडणूकच नसते. राज्यांची जी सरकारं असतात त्यांचेच मंत्री तिथे जाऊन बसतात. आणि एका राज्याची सगळी मतं एकाच बाजूला टाकावी लागतात."

"आणि राज्यातल्या सरकारात दोन पक्ष असले आणि त्यांचं पटलं नाही तर?"

"तर बहुतेक मतच देत नाहीत."

अण्णा म्हणाले, "हे चांगलंय. घरात भांडा, पण बाहेर एका तोंडानं बोला."

चॅन्सेलरला, म्हणजे इथल्या पंतप्रधानाला, काढायचं असेल तर बुंडेस्टागला त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो, नुसता अविश्वास दाखवून भागत नाही, हे तर त्यांना इतकं आवडलं की पुढच्या रविवारी त्यांनीच मला ते पुन्हा समजावून सांगितलं. राष्ट्राध्यक्षांकडे सही आहे पण सत्ता फारशी नाही, घटना सांभाळणाऱ्या न्यायालयातले निम्मे न्यायाधीश एक सभागृह निवडतं आणि निम्मे दुसरं, हे सगळं ते वहीत लिहून घेत होते. मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने भाजी ढवळत असायचे. मी पास झाले. तेहेतीसपैकी एक चुकला. तो कुठला, हे अण्णांना शेवटपर्यंत जाणून घ्यायचं होतं, पण ते कळत नाही.

अर्ज दिला. पोच आली. त्यानंतर काहीच आलं नाही.

सहा महिन्यांनी मी नगरपालिकेत गेले. नागरिकत्वाचं काम बघणाऱ्या एकच बाई होत्या, साठीच्या आसपासच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांच्यामागे जमिनीवरही फायली रचलेल्या होत्या. "तुमची इथे कुठेतरी आहे," त्या म्हणाल्या आणि एका गठ्ठ्याकडे हात केला. त्याच सुमारास बर्लिनच्या संसदेने कायदा बदलला. आधी आठ वर्षं राहावं लागायचं, ती अट पाच वर्षांवर आली. अर्ज दुपटीने येऊ लागले. बाई त्याच, एकट्या.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण कायदा केंद्राचा ना? मग माणसं केंद्रानं द्यायला नकोत?"

"कायदा केंद्राचा, अंमल राज्याचा, अण्णा. आणि राज्य ते गावावर सोपवतं."

"हं. हुकूम बर्लिनचा आणि खुर्ची तुमच्या गावची." मग जरा थांबून म्हणाले, "सत्ता वाटली की काम हळू होतं गं. कुणा एकाला मनात येईल ते झटकन करता येऊ नये, म्हणूनच वाटलेली असते ती."

वर्ष गेलं. दुसरंही निम्मं गेलं. दरम्यान इथलं सरकार पडलं, मुदतीआधी निवडणूक लागली, आमच्या रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवर चेहरे लागले आणि उतरले. आम्ही तिघं टीव्हीपुढे बसून निकाल बघितले. घरात मत कुणालाच नव्हतं.

कारखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या पोलिश सहकारिणीने मला सांगितलं की सरकारी कचेरीने तीन महिन्यांत काहीच केलं नाही आणि तसं सबळ कारण नसेल तर तिच्यावर दावा लावता येतो. काम न केल्याचा दावा. त्यासाठी न्यायालय वेगळं असतं, फक्त नागरिक आणि सरकार यांच्यातल्या तंट्यांचं. तिच्या बहिणीने लावला होता. वकीलही लागला नव्हता, दीड पानाचं पत्र पुरलं.

नवऱ्याला ते आवडलं नाही. "अगं, त्या बाई चिडतील. फाईल त्यांच्याच हातात आहे. आपण परके, आणि सरकारवर खटला?"

अण्णांना मी बिचकतच सांगितलं. ते हसलेच.

"लाव की! अगं, न्यायालय काय सरकारचं नोकर आहे? तिसरा खांब आहे तो. मी तीस वर्षं फळ्यावर काढला, कधी टेकून बघितलं नाही. तू बघ."

मी दावा लावला. न्यायालयाची इमारत मी कधीच पाहिली नाही, न्यायाधीश पुरुष की बाई हेही मला ठाऊक नाही. करड्या पाकिटातून पत्र आलं, वर खटल्याचा क्रमांक. नगरपालिकेने अमुक मुदतीत आपलं म्हणणं मांडावं, एवढंच त्यात होतं. ती मुदत संपायच्या आत त्या बाईंचा फोन आला.

"तुमच्या फाईलवर निर्णय झालाय," त्या म्हणाल्या. "भेटीची वेळ देते, गुरुवारची चालेल?"

"दाव्याबद्दल माफ करा," मी म्हटलं. "तुमच्यावर माझा राग नव्हता."

"माफी कसली?" त्या म्हणाल्या. "आणखी एक माणूस द्या म्हणून मी दोन वर्षं वर लिहितेय. माझं कुणी वाचलं नाही. न्यायालयाचं वाचलं. एक तारखेपासून नवीन मुलगी येतेय."

गुरुवारी मी आणि मुलगी गेलो. देशाची घटना आणि कायदे पाळीन, देशाला बाधा येईल असं काही करणार नाही, या अर्थाचं एक वाक्य मोठ्याने वाचायचं होतं. मी वाचलं. आवाज सपाट निघाला, एखाद्या यंत्राची सूचना वाचावी तसा. बाईंनी प्रमाणपत्रं दिली, घटनेची एक छोटी प्रत दिली, हात मिळवला. मुलीने बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप काढत विचारलं, आता जर्मन पासपोर्ट कधी. मी म्हटलं, अर्ज आत्ताच केलाय, काही आठवडे लागतील.

कायद्याप्रमाणे त्याच क्षणी माझं भारतीय नागरिकत्व संपलं होतं. जुना पासपोर्ट वकिलातीला परत करायचा असतो. सवड मिळेल तेव्हा केला असता तरी चाललं असतं. मी कामं साठवून ठेवत नाही. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दोघींचे पासपोर्ट म्युनिकच्या वकिलातीकडे रजिस्टर पोस्टाने पाठवून दिले.

रविवारी अण्णांशी बोलणं झालं.

"ते शपथेचं वाक्य मराठीत सांग."

मी सांगू लागले. एका शब्दापाशी अडखळले.

"बाधा म्हण," अण्णा म्हणाले. "नुकसान नको, ते दुकानाचं होतं."

मग त्यांनी विचारलं, दिवाळीला येणार ना. मी हो म्हटलं. आता तुला व्हिसा लागेल, म्हणाले, आणि त्यांना त्याची गंमत वाटली.

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी मीटिंगमध्ये होते. काकांचा फोन आला, मी कापला. पुन्हा आला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले.

"अण्णा गेले गं," काका म्हणाले. "जेवून पडले होते. चहाला हाक मारायला गेलो तर..."

मी म्हटलं, "बरं."

काका काहीतरी बोलत होते. समोरच्या भिंतीवर आग लागल्यास कुठून बाहेर पडायचं त्याचा नकाशा होता. मी तो वाचत होते. मग आत गेले आणि माझा राहिलेला भाग पूर्ण केला. एका झडपेच्या आराखड्यात दोन मापं बदलायची होती, ती का बदलायची ते नीट सांगितलं. कुणीतरी प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर दिलं. सगळे उठल्यावर पोलिश सहकारिणीला म्हटलं, माझे वडील वारले. तिने माझ्या हातातला पेन काढून घेतला आणि मला खुर्चीवर बसवलं.

तिथून मी नगरपालिकेत फोन केला. तात्पुरता जर्मन पासपोर्ट लगेच मिळतो, तो दुपारपर्यंत देतो म्हणाले, आणि दिला. पण भारतात शिरायला व्हिसा हवा. घरबसल्या ऑनलाइन मिळतो तो माझ्या तात्पुरत्या पासपोर्टावर मिळेना. वकिलातीतून घ्यायचा तर जुना पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का हवा, आणि तो पासपोर्ट अजून टपालात. फोनवरचे गृहस्थ मराठीच निघाले. "ताई, पाकीट हातात पडलं की त्याच दिवशी मी स्वतः बघतो," म्हणाले. त्यांनी तसं केलंही. मला कुणीच वाईट वागवलं नाही. ज्याच्या त्याच्या हातात होतं तेवढं त्याने केलं.

दुपारी काकांनी पुन्हा फोन केला. "इस्पितळात ठेवता येईल, बर्फात. किती दिवस ठेवू सांग. तू म्हणशील तसं."

नवरा घरी आला होता. तो बॅग भरत होता. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट होता, तो त्याच संध्याकाळी निघू शकत होता. फ्रँकफर्टहून विमान होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी कऱ्हाडला पोचला असता. त्याने हातातला शर्ट तसाच धरून माझ्याकडे बघितलं.

"जावयासाठी थांबा काका," मी म्हटलं. "माझ्यासाठी नको."

"अगं पण तू एकुलती एक."

"नको. किती दिवस लागतील मला सांगता येत नाही."

हे मीच म्हणाले. मला ते म्हणताना काही वाटलं नाही, आणि त्यानंतरही कितीतरी दिवस वाटलं नाही. नवऱ्याला स्टेशनवर सोडून आले, कपडे धुवायला लावले, वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार झाले. काकांनी अग्नी दिला. नवऱ्याने आधी विचारलं होतं, व्हिडिओ लावू का. मी नको म्हटलं. त्या वेळी मी आणि मुलगी स्वयंपाकघरात बसलो होतो. ती शाळेत गेली नव्हती. बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"आपण का नाही गेलो?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

मी तिला सगळं क्रमाने सांगितलं. भारताच्या संसदेने केलेला कायदा, इथल्या संसदेने केलेला कायदा, नगरपालिका, न्यायालय, टपाल, वकिलात. मराठीत सुरुवात केली होती, मध्येच जर्मनमध्ये गेले, कारण त्या सगळ्या गोष्टींची नावं तिला जर्मनमध्येच येतात.

"मग चूक कुणाची?"

"कुणाची नाही."

"आईनर मुस दोख शुल्ड झाईन," ती म्हणाली. कुणाची तरी असणारच ना. आणि रडायला लागली. मी उठून तिला पाणी दिलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत मी खिडकीतून समोरच्यांचं गॅरेज बघत होते.

नवव्या दिवशी व्हिसा मिळाला. दहाव्याला मी आणि मुलगी निघालो. मुंबईच्या विमानतळावर परदेशी लोकांच्या रांगेत उभ्या राहिलो. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मला विचारलं, कशासाठी येताय. मी मराठीत म्हटलं, वडिलांच्या बाराव्याला. त्याने मान खाली घालून शिक्का मारला.

बाराव्याला माणसं खूप आली. त्यातली बरीचशी अण्णांचे विद्यार्थी, टक्कल पडलेले, नातवंडं असलेले. मी सगळ्यांना नमस्कार करत होते, चहा घ्या म्हणत होते. नगर वाचनालयात काम करणाऱ्या एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुम्हीच ना जर्मनीच्या?" त्या म्हणाल्या. "सर रोज येऊन सांगायचे. माझ्या मुलीनं तिथल्या सरकारला कोर्टात उभं केलं, म्हणायचे. न्यायाधीशांनी सरकारला झाप झाप झापलं. आणि शेवटी आले तेव्हा म्हणाले, सरकारनंच हात जोडून तिला नागरिक करून घेतलं."

"असं काही झालं नव्हतं," मी म्हटलं. "दीड पानाचं पत्र होतं."

"ते असेल हो. पण सर उभं राहून सांगायचे. पेपर वाचायला आलेली माणसं पेपर खाली ठेवायची."

मला हसू आलं. ते थांबेना. पदर तोंडाला लावून मी आत गेले, लोकांना वाटलं रडतेय, आणि काकू पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी हसतच होते. मग तेही ओसरलं आणि पुन्हा सगळं आधीसारखं झालं, कानात दडे बसल्यावर होतं तसं.

आम्ही परत आलो त्याला आता बरेच महिने झाले. मी रडलेले नाही. लोक पहिल्यांदा विचारत, आता विचारत नाहीत. रविवारी दुपारी मी झोपते.

नवऱ्याला एकदा मी म्हटलं, आता नवीन मुलगी आहे कचेरीत, फाईली लवकर निघतात, तूही अर्ज करून टाक. तो भांडी पुसत होता.

"मी नाही करणार," तो म्हणाला. "आई आहे नाशिकला. घरात एक तरी असा हवा जो त्याच दिवशी निघू शकतो."

मी पुसलेल्या ताटल्या उचलून फडताळात ठेवल्या.

परवा गावची निवडणूक झाली. मुलीच्या जुन्या प्राथमिक शाळेत मतदान होतं, चालत दहा मिनिटं. आम्ही तिघंही गेलो. नवरा बाहेरच्या बाकावर बसला, त्याला आत काही काम नव्हतं. मुलगी अजून लहान, पण ती माझ्याबरोबर दारापर्यंत आली. मला दिलेली मतपत्रिका एवढी मोठी होती की आडोशाच्या टेबलावर मावेना. चादरीसारखी उलगडत गेली. किती मतं द्यायची, एकाच उमेदवाराला तीनपर्यंत देता येतात, ते सगळं मी वर लिहिलेलं दोनदा वाचलं. पलीकडच्या आडोशात एक म्हातारे गृहस्थ सुस्कारे सोडत होते. त्यांनी एकदा वाकून विचारलं, तुम्हाला कळतंय का हो. मी म्हटलं, कळतंय, आणि कसं करायचं ते त्यांना सांगितलं. मग माझं पुरं केलं, घडी घातली, पेटीत टाकलं.

बाहेर आले तेव्हा नवरा बाकावर डोळे मिटून उन्हात बसला होता. मुलगी त्याच्या शेजारी. त्यांनी सरकून मला जागा केली.